चौथी भिंत आली की खोली

दारावर टकटक करून "टॅक्स विभागातून आलो" असं म्हटलं की घर लहान होतं. हे मी तीस वर्षं माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. कालपर्यंत चार खोल्या असलेल्या घरात दोनच उरतात. वरचा मजला "तो असाच आहे" होतो. भाडेकरू भाचा होतो, आणि भाच्याची बायकामुलं दिवाळीला आलेली असतात, मग महिना वैशाखाचा का असेना. हेच घरमालक मुलासाठी स्थळ पाहताना अंगणातलं तुळशीवृंदावनही चौरस फुटांत धरतात. नागपुरातल्या प्रत्येक घराला दोन क्षेत्रफळं असतात, एक सोयरिकीचं आणि एक टॅक्सचं. माझी सगळी नोकरी या दोहोंच्या मध्ये फीत धरून उभं राहण्यात गेली.

मी मालमत्ता कराच्या खात्यात निरीक्षक होतो. निरीक्षक या शब्दात जेवढा दरारा आहे तेवढा त्या कामात नाही. खांद्याला एक पिशवी, पिशवीत पन्नास फुटांची फीत, नोंदवही, पेन्सिल, आणि कुत्र्यांसाठी ग्लुकोजची बिस्किटं. फितीचं एक टोक आपण धरायचं आणि दुसरं घरमालकाच्या हातात द्यायचं. इथेच माणसाची परीक्षा होते. कोणीही ते टोक भिंतीला टेकवत नाही. भिंतीच्या वीतभर अलीकडे धरतात आणि चेहरा असा करतात की जणू भिंतच त्यांच्यापासून लांब सरकली आहे. एका निवृत्त प्राध्यापकांनी तर मला फीत उन्हात प्रसरण पावते यावर छोटंसं व्याख्यान दिलं होतं. मी म्हटलं, सर, फीत प्रसरण पावली तर घर कमी भरेल, तुमचाच फायदा आहे. त्यांनी लगेच व्याख्यान आवरतं घेतलं.

टॅक्स आम्ही चेहरा पाहून लावतो असा समज आहे. प्रत्यक्षात रीत सोपी आहे. जागा मोजायची. ती कोणत्या वस्तीत आहे ते पाहायचं, कारण चांगल्या वस्तीतला चौरस फूट आणि नाल्याकाठचा चौरस फूट कायद्याच्या लेखी सारखे नसतात. वर स्लॅब आहे की टिन, भिंत सिमेंटची की मातीची, बांधून किती वर्षं झाली, आत माणसं राहतात की दुकान चालतं, हे सगळं लिहायचं. मग जुना कायदा एक प्रश्न विचारतो: ही जागा भाड्याने दिली असती तर वर्षाला किती भाडं आलं असतं? त्यातून दुरुस्तीसाठी थोडी सूट वजा करायची आणि उरलेल्यावर टक्केवारीने कर. पुढे वस्तीवार दरांचे तक्ते आले आणि निरीक्षकाला अंदाज करण्याची गरज उरली नाही, पण हिशेबाचा गाभा तोच राहिला.

म्हणजे कायद्याला तुमच्या घरात एक काल्पनिक भाडेकरू दिसतो. तुम्ही तिथे स्वतः राहता, तुमच्या आजोबांनी ते बांधलं, तुम्ही कुणाला पाय ठेवू देणार नाही, हे कायद्याला मान्य आहे. पण तो भाडेकरू आहेच. मोकळ्या भूखंडावरही त्याला बसवावं लागतं. तिथे बिचारा गवतात, उघड्यावर, वर्षाचं भाडं भरत राहतो. लोकांना हे समजावताना माझा घसा कोरडा पडे. लकडगंजमधल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याने मला विचारलं होतं, "वो किरायेदार मिले तो बताना साहब, मेरे को तो आज तक एक रुपया नहीं दिया." या गृहस्थांनी आपलं गोदाम देऊळ असल्याचा अर्ज केला होता. देवळाला सूट असते. मी पाहायला गेलो तर सागवानाच्या ओंडक्यांच्या मधोमध हात-दीड हात उंचीचे मारुतीराय शेंदूर लावून बसवलेले. शेंदूर ओला होता. मी देवाला नमस्कार केला, देवाने व्यापलेली जागा फितीने मोजली, आणि तेवढ्या दोन चौरस फुटांना सूट द्यावी अशी शिफारस करून बाकीचं गोदाम गोदामच ठेवलं. व्यापाऱ्याने राग धरला नाही. दरवर्षी हनुमान जयंतीचा प्रसाद पाठवत राहिला.

असो. मला सांगायचं आहे ते छपरीबद्दल.

हल्ली तरुण पोरं हा शब्द शिवीसारखा वापरतात असं ऐकतो. भडक कपडे, रंगवलेले केस, मोटारसायकलचा आवाज, त्याला छपरी म्हणतात म्हणे. आमच्या विदर्भात छपरी म्हणजे घराला लागून काढलेला टिनाचा उतार. तीन बाजूंना भिंती, चौथी उघडी. तिथे बाज असते, सायकल असते, शिकवणीचे वर्ग भरतात, जावई रुसला तर तिथेच बसतो, आणि घरातला म्हातारा गेला तर बाहेरगावचे नातेवाईक येईपर्यंत त्यालाही तिथेच ठेवतात. घरातल्या साऱ्या महत्त्वाच्या गोष्टी छपरीत होतात, पण घर विचारलं तर छपरी त्यात धरत नाहीत.

आमचं खातंही धरत नसे. म्हणजे मुख्य घराच्या आकारणीत कमी दराने एक ओळ घालायची, तिला वेगळा इंडेक्स नंबर द्यायचा नाही. इंडेक्स नंबर म्हणजे मालमत्तेचा आमच्या दप्तरातला क्रमांक. ज्याला नंबर त्यालाच बिल. मला काम शिकवणारे हेडक्लार्क भांगे बाबू पान चघळत सांगत, "कायद्याचं पुस्तक वाचू नको गा, डोकं फिरते. एवढंच ध्यानात ठेव. चौथी भिंत आली की खोली. दार वेगळं, चूल वेगळी, तर घर वेगळं." तीस वर्षांत यापेक्षा नेमकी व्याख्या मी कुठल्याही परिपत्रकात वाचली नाही.

चौथी भिंत आली की टॅक्स वाढतो, हे जनतेला भांगे बाबूंच्याही आधीपासून माहीत होतं. म्हणून नागपुरात लोक चौथी भिंत बांधत नाहीत. तट्ट्या लावतात, ताडपत्री सोडतात, पोत्यांचे पडदे करतात. अलीकडे फ्लेक्स. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स दुसऱ्या दिवसापासून कुठे जातात असा प्रश्न कोणाला पडत असेल तर ते छपऱ्यांना लागतात. छापील बाजू बहुधा आत असते. गरिबाच्या घरात बारा महिने हात जोडून उभा असलेला पुढारी मी फक्त तिथेच पाहिला.

वेणूबाई बावणे कार्यालयात आल्या त्या दुपारी, जेवणाच्या सुटीत, म्हणजे आम्ही हमखास जागेवर असतो त्या वेळी. पन्नाशीच्या आसपास, सुती लुगडं, हातात कापडी पिशवी. महापालिकेच्या की जिल्हा परिषदेच्या, आता आठवत नाही, पण कुठल्याशा शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या. माझ्या टेबलासमोर येऊन त्या म्हणाल्या, "मले टॅक्स लावून द्या जी."

शेजारच्या टेबलावरचा चमचा डब्यात थांबला. मला वाटलं त्यांना टॅक्स कमी करून हवा असेल, बोलण्यात चूक झाली. मी म्हटलं, बाई, कमी करायचा अर्ज त्या खिडकीवर.

"कमी नाई. लावून द्या. माह्यावर नाईच हाये."

काहून, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. घर सासऱ्याचं, पण सगळे कागद नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, देवराव बावण्यांच्या नावाने. देवराव म्हणजे त्यांचे भासरे. नवऱ्याच्या तेराव्यानंतर भासऱ्यांनी त्यांना मुख्य घरातून काढून बाजूच्या छपरीत ठेवलं. आता घर जुनं झालं, एक बिल्डर मागे लागला आहे. घर पाडून इमारत होणार, देवरावांना दोन फ्लॅट मिळणार. बिल्डरच्या माणसाने विचारलं, घरात आणखी कोणाची नोंद आहे का? देवराव म्हणाले, कोणाची नाही. वेणूबाईंना सांगितलं, माहेरी खाप्याला जा, भाऊ आहेत. भाऊ होते, पण त्यांच्या घरी छपरीही नव्हती.

कोर्टात हक्क निघाला असता कदाचित. पण कोर्टाला वकील लागतो आणि खिचडीच्या मानधनात वकील बसत नाही. शाळेतल्या एका शिक्षकाने त्यांना सांगितलं होतं की टॅक्सचं बिल नावावर असलं तर बिल्डर विचारल्याशिवाय पाडत नाही. मी माझ्या सवयीप्रमाणे त्यांना समजावलं, की बाई, टॅक्सची पावती म्हणजे मालकी नव्हे, पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत तसं छापलेलंच असतं. त्या म्हणाल्या, "बारीक अक्षर मले दिसत नाई. वरचं मोठं नाव दिसते."

दुसऱ्या दिवशी मी मोजायला गेलो. मी फीत काढली आणि सवयीने टोक त्यांच्या हातात दिलं. आयुष्यात प्रथमच फीत ताठ झाली. बाईंनी टोक भिंतीला असं दाबलं की रंगाचा पोपडा पडला. "अजून वढा जी, कोपरा राहिला," म्हणाल्या. ओट्याचा उंबरा धरायला लावला. टिनाची पागोळी जिथे पडते ती दगडी नालीही धरा म्हणाल्या. मी म्हटलं, नाली धरत नाहीत. त्यांचा चेहरा पडला.

तेवढ्यात देवराव आले. साठीचे, पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं. गेली वीस वर्षं मी त्यांना ओळखत होतो. वीस वर्षांत त्यांनी मला आपल्या घराविषयी एकही खरं वाक्य सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडून निखळ सत्य बाहेर पडलं. "साहेब, हे घर नाई. छपरी हाये. तीन भिंती, मोजून घ्या."

मी मोजून घेतल्या. तीनच होत्या. चौथ्या बाजूला फ्लेक्स होता आणि त्यावर कोणीतरी कोणाला तरी दीर्घायुष्य चिंतत होतं. देवरावांनी मला माझाच नियम म्हणून दाखवला, चौथी भिंत आली की खोली, आणि वर विचारलं, "बरोबर ना जी?" बरोबरच होतं. मी वेणूबाईंना म्हटलं, बाई, भिंत नाही. फ्लेक्सला भिंत लिहिलं तर उद्या अर्ध्या शहराला लिहावं लागेल.

सरकारी नोकराने तिथून निघून जायला हवं होतं. मी जोडे घालता घालता एक वाक्य जास्त बोललो. म्हटलं, पुढच्या मंगळवारी मी परत याच गल्लीत आहे, तेव्हा जे असेल ते लिहीन. हे वाक्य नियमात बसत होतं. निरीक्षकाने जे दिसतं तेच लिहायचं असतं. मंगळवारी काय दिसावं यावर माझं नियंत्रण नसतं.

मंगळवारी भिंत दिसली. जुन्या विटा, मातीचा जोड, किंचित गल्लीकडे झुकलेली. शाळेतल्या खिचडीवाल्या बायकांनी रविवारी मिळून बांधली होती. शेकडो पोरांची खिचडी ढवळणाऱ्या हातांना एक भिंत म्हणजे काहीच नव्हे. भिंतीला दार हवं, ते शाळेतल्या भंगारातून आलं होतं. जुना फळा. त्याला बिजागऱ्या मारलेल्या. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगात अजून वाचता येत होतं: इयत्ता ४ थी, तुकडी ब. पट, हजर, गैरहजर. हजरच्या पुढे बाईंनी खडूने १ हा आकडा काढून ठेवला होता.

बांधकामाला परवानगी होती का असं कोणी विचारेल. नव्हती. आमच्या खात्याला त्याच्याशी कर्तव्य नसतं. बांधकाम बेकायदा असलं तरी टॅक्स कायदेशीर असतो, हे आमच्या खात्याचं सर्वांत उदार तत्त्व आहे.

दार झालं, राहिली चूल. मी माझ्या नोकरीत मोजणीच्या घरी कधी चहा घेतला नाही. चहा घेतला की शेजारच्या घरात आपण काय घेतलं याचा आकडा तयार होतो. पण इथे स्वतंत्र चूल असल्याचा पुरावा हवा होता. वेणूबाईंनी स्टोव्हवर आधण ठेवलं. पंचनाम्यात मी लिहिलं: "सदर खोलीत स्वतंत्र चूल असून त्यावर चहा करण्यात आला व तो निरीक्षकाने प्राशन करून खात्री केली." आलं जरा जास्त होतं. ते लिहिलं नाही.

देवरावांनी हरकत घेतली. हरकतीवर सुनावणी होते, आणि सुनावणी आमचे साहेब घेत. साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर कायम पांढरा टर्किश टॉवेल असे. त्या टॉवेलाने कोणी कधी काही पुसल्याचं स्मरत नाही. सुनावणीच्या आधी शिपाई तो झटकून पुन्हा घाली, मग साहेब बसत, मग न्याय सुरू होई.

वेणूबाई हातातली पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या. देवराव मात्र तयारीने आले होते. भिंत हलते, फळ्याला दार म्हणत नाहीत, हे सगळं त्यांनी सांगितलं. साहेब टॉवेलाला टेकून ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर पारडं देवरावांकडे झुकत होतं. साहेबांना झुकलेल्या भिंती आवडत नसत. पण बोलता बोलता देवरावांचा अभिमान जागा झाला.

"अन् साहेब, त्या बाईचा आमच्या घराशी संबंधच काय? सहा वर्षं झाली, वाटीभर साखर इकडची तिकडं गेली नाई. तिची चूल तिची, आमची चूल आमची. तिचा रस्ता मागच्या बोळातून. ती आमच्या दारात येत नाई, आमी तिच्या दारात जात नाई. विचारा तिले."

साहेब पुढे झाले. टॉवेल घसरला.

"म्हणजे चूल वेगळी."

"एकदम वेगळी जी."

"आणि रस्ताही वेगळा."

"सहा वर्षांपासून. सारी गल्ली साक्ष देईन."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. देवरावांना वाटलं आपला मुद्दा पटला. त्यांनी स्वतःच्या जबाबावर तीनपैकी सर्वांत चांगल्या पेनाने सही केली, जाताना माझा हात दाबला, आणि म्हणाले, साहेब समजदार माणूस आहे. आदेश आठवडाभराने निघाला: हरकतदाराच्या स्वतःच्याच कबुलीनुसार स्वतंत्र प्रवेश व स्वतंत्र चूल सिद्ध होत असल्याने सदर खोलीस वेगळा इंडेक्स नंबर देण्यात यावा.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण यापुढे माझी चूक येते.

आम्हा निरीक्षकांना नोंदवहीत नावापुढे पेन्सिलीने खुणा करायची सवय होती. पुढच्या खेपेला घर सापडावं, माणूस कळावा, म्हणून. शाई सरकारची, पेन्सिल आपली. वेणूबाईंची नवी नोंद उघडताना मी पेन्सिलीने "वेणूबाई, छपरी" असं लिहून ठेवलं. आदेश हाती आला की शाईने पूर्ण नाव लिहिणार होतो. आदेश आला त्या दिवशी मला निवडणुकीच्या कामावर पाठवलं. दोन महिन्यांनी परत आलो तेव्हा नोंदवह्याच जागेवर नव्हत्या. त्या संगणकावर चढवायला गेल्या होत्या.

संगणकीकरणाचा समारंभ झाला. संगणकाला फीत बांधून ती कापण्यात आली. नारळ फोडला, त्याचं पाणी कीबोर्डवर उडालं, आणि पारदर्शक कारभाराच्या त्या यंत्राने दोन दिवस मौन पाळलं. पुढचं काम बाहेरच्या ठेकेदाराने नेमलेल्या मुलींनी केलं. अत्यंत प्रामाणिक मुली. नोंदवहीत जे दिसलं ते सगळं त्यांनी चढवलं. शाई आणि पेन्सिल असा भेद त्यांनी केला नाही.

त्या वर्षीची बिलं अशी गेली: श्री. वामनराव मागचे दार. श्रीमती इंदिराबाई कुत्रा चावतो. श्री. माधवराव चहा घेऊ नये. एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांच्या नावापुढे मी कधीकाळी "फार बोलतात" असं लिहिलं होतं. ते बिल घेऊन आले आणि हे विधान कसं निराधार आहे हे मला उभ्याउभ्या तासभर सांगत होते. महिनाभर आम्ही नावं दुरुस्त करत बसलो. ज्यांची नावं चुकली ते सगळे आले. फक्त एक बाई आल्या नाहीत. त्यांचं बिल "श्रीमती वेणूबाई छपरी" या नावाने गेलं होतं, आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात ते भरूनही टाकलं होतं.

मग बिल्डरचा माणूस आमच्या संगणकात डोकावला. देवरावांच्या घराच्या पत्त्यावर दोन नंबर निघाले. एक देवराव बावणे, दुसरा वेणूबाई छपरी. त्याने देवरावांना विचारलं, हे छपरी कोण? देवराव म्हणाले, छपरी कोणी नाही, छपरी म्हणजे छपरी. बिल्डरच्या माणसाला संशय आला. घरमालक दुसऱ्या आडनावाचा हिस्सेदार लपवतो म्हणजे प्रकरण खोल आहे. तो गल्लीभर "श्रीमती छपरी कुठे राहतात?" विचारत फिरला. लोकांनी त्याला सात-आठ छपऱ्या दाखवल्या. शेवटी तो फळ्याच्या दारापाशी पोचला. दार उघडून वेणूबाई म्हणाल्या, "मीच."

देवरावांनी डोकं चालवलं. ते माझ्याकडे नाव-दुरुस्तीचा अर्ज घेऊन आले. म्हणाले, बिचारीचं नाव चुकलं आहे, "छपरी"चं "बावणे" करून द्या, घरातलीच बाई आहे, बरं दिसत नाही. मला त्यांचं बोलणं पटलं. चूक माझी होती आणि ती खुपतही होती. मी स्वतःच्या अक्षरात अर्ज भरला, जोडपत्रं लावली, आणि बाईंची सही घ्यायला स्वतः गेलो. निरीक्षक अर्ज घेऊन नागरिकाच्या घरी जातो असं आमच्या खात्यात त्यापूर्वी झालं नव्हतं. वाटेत मला स्वतःबद्दल बरंच चांगलं वाटत होतं.

वेणूबाईंनी चहा टाकला. अर्ज हातात घेऊन मोठी अक्षरं वाचली. मग कोणी पाठवलं ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी अर्जाची घडी केली, माझ्या घडीवरच नीट घडी घातली, आणि परत दिला.

"राहू द्या जी."

मी म्हटलं, बाई, चुकीचं आडनाव आहे. लोक हसतात.

"हसू द्या. बावणे त्या घरात अकरा हायेत, साहेब. उद्या म्हणतीन, बावण्याईचीच खोली हाये, आमचंच हाये. छपरी मी एकटीच."

तीस वर्षं मी मालमत्तेचा कायदा राबवला. मला हे सुचलं नव्हतं. बावणे नाव लागलं असतं तर देवरावांनी कुटुंबप्रमुख म्हणून एका सहीत सगळं उरकलं असतं, आणि त्या कागदावर माझं सुवाच्य अक्षर असतं. मी अर्ज पिशवीत टाकला आणि पिशवीतच राहू दिला. कार्यालयात शेरा मारला: "अर्जदार नाव दुरुस्त करण्यास इच्छुक नाहीत." पहिल्यांदाच शाईने.

श्रीमती छपरींच्या सहीशिवाय बिल्डर पुढे सरकेना. शेवटी देवराव सहा वर्षांत प्रथमच बोळातून वळसा घालून फळ्याच्या दाराशी गेले. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. चहा झाला एवढं गल्लीने पाहिलं. सही झाली, आणि नव्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर आणि लहानशी बाल्कनी अशी जागा वेणूबाईंच्या नावाने झाली. जाहिरातीत ती इमारत विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पापासून वीस मिनिटांवर आहे. नागपुरातली प्रत्येक नवी इमारत मिहानपासून वीस मिनिटांवर असते.

गेल्या दसऱ्याला सोनं द्यायला तिकडे गेलो होतो. दारावर पितळी पाटी आहे: वेणूबाई छपरी. वरच्या मजल्यावरची कॉलेजची मुलं ती पाहून खिदळतात, असं त्यांनीच सांगितलं. एकीने त्यांना नव्या शब्दाचा अर्थही समजावून दिला. वेणूबाईंनी तिला सांगितलं, "मी आधीची हाये वं."

मग त्यांनी कपाटातून बिलांची फाइल काढली. सगळ्या पावत्या वर्षवार लावलेल्या. यंदाचं बिल माझ्यासमोर ठेवलं आणि बोट दाखवून म्हणाल्या, नवीन पोरगा आला होता मोजायला, गडबडीत होता, बाल्कनी मोजलीच नाही त्याने. कमी लागला यंदा.

मी म्हटलं, बाई, मी आता निवृत्त आहे. कमी लागला तर बरंच आहे की.

"बरं कायचं? उद्या कोणी म्हणन बाल्कनी हिची नाई. फीत हाये का तुमच्यापाशी?"

होती. स्कूटरच्या डिकीत असते, सवयीने. मी आणली, टोक त्यांच्या हातात दिलं, आणि त्या बाल्कनीच्या पार दूरच्या कठड्याकडे चालू लागल्या.